चीनमधील इंग्रजीची प्रवेशपरीक्षा : मापन आणि निवड

१

भाषेची परीक्षा घेणे हे काम वरवर दिसते तितके साधे नाही. इतिहासाच्या परीक्षेत विद्यार्थ्याला काय माहीत आहे हे विचारावयाचे असते. भाषेच्या परीक्षेत त्याला काय येते हे पाहावयाचे असते. माहीत असणे आणि येणे यांत अंतर आहे, हे ज्याने परकी भाषा शिकण्याचा प्रयत्न केला आहे त्याला सांगावयास नको. व्याकरणाचा नियम बिनचूक सांगणारा विद्यार्थी बोलताना तोच नियम मोडतो, आणि नियमाचे नावही न ऐकलेला मनुष्य तो सहज पाळतो. परीक्षेने या दोहोंपैकी कोणाला अधिक गुण द्यावेत, हा प्रश्न भाषाविज्ञानाचा आहे, शिक्षणशास्त्राचा आहे, आणि परीक्षेवर मुलांचे भवितव्य अवलंबून असेल तर तो न्यायाचाही आहे.

या तीनही अंगांनी विचार करण्यास चीनमधील विद्यापीठ-प्रवेशपरीक्षेतील, म्हणजे ‘गाओकाओ’तील, इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेसारखे उदाहरण क्वचितच सापडेल. २०२४ साली या परीक्षेसाठी १ कोटी ३४ लाख २० हजार विद्यार्थ्यांनी नावे नोंदविली होती. परकी भाषा म्हणून रशियन, जपानी, फ्रेंच, जर्मन व स्पॅनिश यांपैकी एखादी घेण्याची मुभा असली, तरी बहुसंख्य विद्यार्थी इंग्रजीच घेतात. एकूण ७५० गुणांपैकी परकी भाषेला १५० गुण आहेत. म्हणजे चिनी भाषा आणि गणित यांच्या बरोबरीचे स्थान तिला दिलेले आहे. या परीक्षेचे स्वरूप गेल्या चाळीस वर्षांत अनेकदा सुधारण्यात आले. त्या सुधारणांचे मोल काय, आणि इतके करूनही मूळ तक्रार शिल्लक का राहिली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहू. परीक्षेने माणसे निवडावयाची ही कल्पना चीनला नवी नाही. सुई राजवटीपासून, म्हणजे सातव्या शतकाच्या आरंभापासून, चालत आलेली राजसेवेची परीक्षापद्धती १९०५ साली रद्द होईपर्यंत सुमारे तेराशे वर्षे टिकली. जन्माऐवजी उत्तरपत्रिकेवरून मनुष्याची योग्यता ठरवावी हा तिच्यामागील विचार उदात्त होता. पण अखेरच्या काळात ती ‘अष्टपदी निबंधा’च्या ठरीव साच्यात अडकली आणि साचा घोटणे म्हणजेच विद्या असे समीकरण झाले. कसोटी नि:पक्षपाती असावी म्हणून साचा हवा, आणि साचा आला की त्याची घोकंपट्टी आली, हा पेच तेव्हापासूनचा आहे.

आधुनिक गाओकाओ १९५२ साली सुरू झाली, १९६६ साली बंद पडली आणि १९७७ च्या हिवाळ्यात पुन्हा सुरू झाली. त्या वेळी सुमारे ५७ लाख उमेदवारांमधून सुमारे २ लाख ७० हजारांना प्रवेश मिळाला. परकी भाषेचे गुण आरंभी पूर्णपणे धरले जात नसत. त्यांचे वजन क्रमाक्रमाने वाढवीत नेऊन १९८३ पासून ते पूर्ण धरण्यात येऊ लागले. शाळांतील इंग्रजीचे अध्यापन मात्र व्याकरणाचे नियम आणि भाषांतर यांभोवतीच फिरत होते. अशा स्थितीत ग्वांगचौ येथील परकीय भाषा संस्थेतील गुई शिचुन आणि त्यांचे सहकारी यांनी नवी प्रमाणित परीक्षा तयार केली व १९८५ साली ग्वांगदोंग प्रांतात ती प्रथम वापरण्यात आली. पुढे तिचे रूप देशभर पसरले.

या परीक्षेमागील हेतू दुहेरी होता. विद्यार्थ्यांची निवड अधिक विश्वसनीय रीतीने व्हावी हा एक. आणि परीक्षा बदलली म्हणजे तिच्या ओढीने वर्गातील शिकवणेही बदलेल, नियम घोकण्याऐवजी भाषा वापरण्याकडे वळेल, हा दुसरा. परीक्षेचा अध्यापनावर होणारा जो हा उलट परिणाम, त्याला आपण ‘प्रतिप्रभाव’ म्हणू. प्रतिप्रभाव ही अपघाताने घडणारी गोष्ट न मानता ती मुद्दाम घडवून आणावयाची, हा या योजनेतील लक्षणीय विचार होय.

३

हा हेतू कितपत साध्य झाला यासंबंधी दोन अभ्यास महत्त्वाचे आहेत. ते एकमेकांशेजारी ठेवून वाचले पाहिजेत. पहिला ली श्याओजू यांचा, १९९० साली प्रसिद्ध झालेला. शिक्षक आणि स्थानिक इंग्रजी-अधिकारी यांच्याकडून प्रश्नावली भरून घेऊन त्यांनी असा निष्कर्ष काढला की, नव्या परीक्षेमुळे वर्गात भाषेचा उपयोग वाढला आहे आणि विद्यार्थी पाठ्यपुस्तकाबाहेरचे इंग्रजी वाचू लागले आहेत. दुसरा अभ्यास ची लुश्या यांचा. त्याचे निष्कर्ष २००४ व २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी प्राश्निक, तपासनीस, शिक्षक आणि विद्यार्थी या सर्वांच्या मुलाखती घेतल्या व वर्गांचे प्रत्यक्ष निरीक्षणही केले. त्यांना आढळले ते वेगळे होते. शिक्षक शिकवीत होते ते परीक्षेत येणारे. पण परीक्षेच्या कर्त्यांना जे अभिप्रेत होते ते नव्हे. सुट्या सुट्या भाषिक मुद्द्यांचे शिक्षण आणि प्रश्नप्रकारांचा सराव यांनी वर्ग व्यापून टाकला होता.

या दोन निष्कर्षांतील विरोध काही अंशी पद्धतीतून आला आहे. शिक्षकाला ‘आपण काय करता?’ असे लेखी विचारणे आणि तो काय करतो हे वर्गात बसून पाहणे यांत फरक पडणारच. शिवाय प्रश्नावली भरून देणाऱ्याला कोणते उत्तर अपेक्षित आहे हे बहुधा ठाऊक असते. म्हणून ली यांच्या निष्कर्षाचे वजन कमी धरावे लागते. तरी तो खोटा आहे असे म्हणण्याचे कारण नाही. नवी परीक्षा आली तेव्हा तिचा साचा शिक्षकांच्या अंगवळणी पडलेला नव्हता. त्यामुळे तिची तयारी म्हणून खरोखर भाषाच शिकवावी लागत असणे संभवनीय आहे. साचा ओळखीचा झाला की तयारी भाषेची न राहता साच्याची होते. दोन अभ्यासांमध्ये दीड दशकाचे अंतर आहे, ही गोष्ट या दृष्टीने दुर्लक्षिण्यासारखी नाही.

ची यांनी आपल्या निष्कर्षाचे कारणही नेमके सांगितले आहे : निवड करणे आणि अध्यापन सुधारणे ही दोन कार्ये परस्परविरोधी असून पहिले दुसऱ्याला निष्फळ करते. हे निदान मला मान्य आहे. परंतु ते येथेच थांबते हे त्यातील न्यून होय. हा विरोध केवळ शिक्षक आणि पालक यांच्या मनोवृत्तीत नाही. तो प्रश्नपत्रिकेतील एकेका प्रश्नात शिरलेला आहे, आणि तो कसा शिरतो हे भाषेच्या अंगाने दाखविल्यावाचून निदान पुरे होत नाही.

४

चिनी प्रमाणभाषेत क्रियापदाला काळाचे प्रत्यय लागत नाहीत. क्रिया पूर्ण झाली की नाही हे ‘ल’सारख्या अव्ययाने दर्शविले जाते. नामाला सामान्यत: अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही. ‘तो’ आणि ‘ती’ यांसाठी उच्चारात एकच ‘ता’ आहे. इंग्रजीतील उपपदांसारखी उपपदे चिनीत नाहीत. उपपदांच्या बाबतीत मराठी विद्यार्थी चिनी विद्यार्थ्याच्याच नावेत बसलेला आहे. परंतु क्रियापदाने काळ, लिंग, वचन यांप्रमाणे रूप बदलावे ही गोष्ट त्याच्या मातृभाषेतच मुरलेली असल्यामुळे ‘गो’चे ‘गोज’ का होते हे त्याला नियम म्हणून नवे वाटले, तरी वृत्ती म्हणून नवे वाटत नाही. चिनी विद्यार्थ्याला ती वृत्तीच नवी आहे.

आता निवडीच्या परीक्षेचे तर्कशास्त्र पाहा. ज्या प्रश्नाचे उत्तर सर्वांना येते किंवा कोणालाच येत नाही, तो प्रश्न निवडीच्या दृष्टीने निरुपयोगी असतो. उमेदवारांना एकमेकांपासून वेगळे करणारा प्रश्न तो चांगला. ही भेदकता इंग्रजीच्या कोणत्या अंगांत सहज सापडते? जेथे मातृभाषेचा आधार मुळीच नाही तेथे. म्हणजे उपपदे, काळरूपे, तृतीय पुरुषी एकवचनाचा ‘स्’ अशा ठिकाणी. पण अर्थाच्या दृष्टीने पाहिले तर यांतील काही अंगे फारच हलकी आहेत. ‘ही वर्क हिअर’ असे कोणी म्हटले तर ऐकणाऱ्याच्या समजुतीत तिळभरही फरक पडत नाही. परीक्षेत मात्र तो गुण जातो. म्हणजे भेदकतेचा निकष आणि अर्थवहनाचा निकष हे एकच नव्हेत, आणि निवडीची परीक्षा प्राश्निकाला सतत पहिल्याकडे ओढते. येथे प्राश्निकाचा दोष नाही. त्याच्याकडे जे काम सोपविले आहे ते तो चोख करीत असतो.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. चिनी प्रमाणभाषेत अक्षराच्या शेवटी ‘न्’, ‘ङ्’ आणि क्वचित ‘र्’सदृश ध्वनी यांवाचून व्यंजन येत नाही. इंग्रजीचे काळवाचक व वचनवाचक प्रत्यय मात्र नेमके शब्दाच्या शेवटी, आणि पुष्कळदा व्यंजनांच्या गर्दीत येतात. ‘आस्क्ट’, ‘टेक्स्ट्स’ यांसारख्या उच्चारांत जो ध्वनी व्याकरण सांगतो, तोच चिनी कानाला ऐकू येणे आणि चिनी जिभेला उच्चारता येणे सर्वांत अवघड. त्यामुळे जो विद्यार्थी कंसातील मूळ क्रियापदाचे योग्य भूतकाळी रूप रिकाम्या जागी बिनचूक लिहितो, त्याच्या बोलण्यात आणि ऐकण्यात ते रूप अस्तित्वातच नसण्याचा संभव आहे. लेखी प्रश्न त्याच्या डोळ्यांचे व्याकरण मोजतो. कानाचे व जिभेचे व्याकरण न मोजलेलेच राहते. या परीक्षेच्या पूर्वीच्या रूपात उच्चारही कागदावरच तपासला जाई. शब्दातील अधोरेखित अक्षराचा उच्चार इतर कोणत्या शब्दातील अक्षरासारखा आहे, हे चार पर्यायांतून निवडावयाचे असे. एकही शब्द तोंडातून न काढता उच्चाराचे पूर्ण गुण मिळविण्याची सोय त्यात होती.

५

हे दोष परीक्षेच्या चालकांना दिसले नाहीत असे नाही. उच्चाराचे कागदी प्रश्न गेले आणि श्रवणाची परीक्षा आली. व्याकरणाचे सुटे बहुपर्यायी प्रश्न जाऊन त्यांच्या जागी सलग उताऱ्यातील रिकाम्या जागा आल्या. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये झेजियांग प्रांतात ‘वाचून पुढे लिहिणे’ हा प्रकार प्रथम योजण्यात आला व पुढे तो इतरत्रही स्वीकारला गेला. नव्या रूपाच्या प्रश्नपत्रिकेत श्रवणाला ३०, वाचनाला ५०, भाषावापराला ३० आणि लेखनाला ४० गुण असतात. त्या ४० पैकी २५ गुण या एका प्रश्नाला आहेत. सुमारे ३५० शब्दांची अपुरी कथा वाचून, दिलेल्या दोन आरंभवाक्यांपासून दोन परिच्छेद, सुमारे १५० शब्दांत, विद्यार्थ्याने लिहावयाचे असतात. वाचन आणि लेखन यांची सांगड घालणारा, मूळ लेखकाची भाषा उचलून वापरण्यास प्रवृत्त करणारा हा प्रकार भाषाशिक्षणाच्या दृष्टीने निश्चितच अधिक सकस आहे.

उरलेल्या १५ गुणांसाठी छोटे पत्र किंवा तत्सम मजकूर लिहावयाचा असतो. या प्रश्नाची एक गंमत अशी की, पत्र लिहिणाऱ्याचे नाव बहुधा ठरलेले असते : ‘तुम्ही ली हुआ आहात असे समजा.’ हा काल्पनिक ली हुआ कित्येक वर्षे परदेशी मित्रांना निमंत्रणे पाठवीत आहे, त्यांची क्षमा मागत आहे, त्यांना चिनी सणांची माहिती देत आहे. चीनमध्ये तो विनोदाचा विषय झाला आहे. परंतु परीक्षाशास्त्राच्या दृष्टीने त्याच्याकडे गंभीरपणे पाहिले पाहिजे. उमेदवाराची ओळख उघड होऊ नये म्हणून सर्वांनी एकच नाव धारण करावयाचे, ही नि:पक्षपातीपणाची गरज आहे. पण पत्र म्हणजे कोणीतरी कोणालातरी काही कारणाने लिहिलेला मजकूर. येथे लिहिणारा खरा नाही, ज्याला लिहावयाचे तोही खरा नाही, आणि कारण तर प्रश्नपत्रिकेने दिलेले. खरा वाचक एकच, तो म्हणजे परीक्षक. ची यांनी नोंदविले आहे की शिक्षक लेखनाच्या सरावात पत्र कोणासाठी व कशासाठी आहे इकडे दुर्लक्ष करून परीक्षकाला काय आवडेल इकडे लक्ष देतात. यात शिक्षकाचे चुकले असे म्हणवत नाही. त्याने वाचक अचूक ओळखला आहे.

६

परीक्षा खरी करण्याचा प्रयत्न आणि निवडीची गरज यांची टक्कर उघडपणे झाली ती झेजियांगमध्येच. २०१४ साली आरंभिलेल्या सुधारणेनुसार तेथे इंग्रजीची परीक्षा दोनदा देता येऊ लागली. दोहोंतील वरचे गुण धरावयाचे. एकाच दिवसाच्या नशिबावर मुलाचे आयुष्य टांगले जाऊ नये हा त्यामागील हेतू योग्यच होता. परंतु दोन वेळच्या गुणांची तुलना करावयाची तर दोन प्रश्नपत्रिका सारख्याच कठीण असल्या पाहिजेत. २०१८ च्या नोव्हेंबरमधील प्रश्नपत्रिका आधीच्या मानाने अवघड गेली असे समजून अधिकाऱ्यांनी निकालाच्या वेळी काही प्रश्नांचे गुण भारांक लावून वाढविले. परिणामी ज्याचे उत्तर या प्रश्नांत चुकले होते त्याचा आणि ज्याचे इतरत्र चुकले होते त्याचा निकाल वेगळा लागला. पालकांमध्ये मोठा क्षोभ झाला. ५ डिसेंबर २०१८ रोजी प्रांतिक सरकारने ही भारांकाची योजना रद्द करून मूळ गुण कायम केले, आणि जबाबदार अधिकाऱ्यांवर कारवाई झाली.

या प्रकरणाकडे केवळ प्रशासकीय चूक म्हणून पाहणे पुरेसे नाही. दोन प्रश्नपत्रिकांचे गुण एका पातळीवर आणणे हे परीक्षाशास्त्रातील नेहमीचे व आवश्यक काम आहे. ते आधी जाहीर केलेल्या रीतीने करावयाचे असते, निकाल हाती आल्यावर नव्हे, हे खरे. परंतु पालकांच्या क्षोभाचे मूळ आणखी खोल आहे. एका गुणाच्या फरकाने हजारो उमेदवारांमागे पडण्याची भीती जेथे आहे, तेथे गुण हे मापन राहत नाही. ते चलन होते. मापनात थोडी चूक गृहीत धरावी लागते, कारण कोणतीही भाषिक कसोटी एका गुणापर्यंत अचूक असू शकत नाही. चलनात चूक चालत नाही. १२७ आणि १२८ गुण मिळविणाऱ्या दोघांच्या इंग्रजीत कोणता फरक आहे हे जगातील कोणताही भाषातज्ज्ञ सांगू शकणार नाही. परंतु त्यांची विद्यापीठे वेगळी होऊ शकतात.

७

मग बहुपर्यायी प्रश्नांना नावे ठेवून आणि तोंडी परीक्षेचा आग्रह धरून हा पेच सुटेल काय? भाषाशास्त्रज्ञाला हा आग्रह स्वाभाविक वाटतो. ग्वांगदोंगमध्ये २०११ पासून यंत्राच्या साहाय्याने श्रवण-भाषणाची परीक्षा घेतली जाते व तिचे गुण एकूण गुणांत धरले जातात. शांघाय आणि बीजिंग येथेही बोलण्याला स्थान मिळाले आहे. बहुतेक प्रांतांत मात्र बोलण्याचे गुण एकूण गुणांत धरले जात नाहीत. याला केवळ पुराणमतवाद म्हणून धिक्कारता येत नाही. ज्या शाळेत संगणकाची खोली नाही आणि ज्या शिक्षकाने स्वत: कधी इंग्रजी बोललेले ऐकले नाही, तेथील मुलाला बोलण्याच्या परीक्षेत शांघायच्या मुलासमोर उभे करणे म्हणजे त्याच्या भाषेची नव्हे, त्याच्या जन्मस्थानाची परीक्षा घेणे होय. बहुपर्यायी प्रश्न रुक्ष आहे, भाषेच्या जिवंत व्यवहारापासून दूर आहे. पण तू कोणाचा मुलगा असे तो विचारीत नाही. परीक्षा जितकी भाषेच्या खऱ्या वापराजवळ जाईल तितकी ती त्या वापराची संधी कोणाला मिळाली यावर अवलंबून राहील. सप्रमाणता वाढवू तर समता घटते, आणि समता राखू तर सप्रमाणता घटते.

या कोंडीतून जाण्याची वाट प्रश्नांचे प्रकार बदलण्यात नसून गुणांचा अर्थ बदलण्यात आहे, असे मला वाटते. त्याला लागणारी सामग्री चीनमध्येच तयार झालेली आहे. २०१८ साली चीनच्या शिक्षण मंत्रालयाने इंग्रजी क्षमतेची राष्ट्रीय प्रमाणे प्रसिद्ध केली व त्याच वर्षी १ जूनपासून ती अंमलात आली. त्यांत नऊ पायऱ्या असून प्रत्येक पायरीवरील मनुष्य इंग्रजीत काय करू शकतो याचे वर्णन आहे. तो इतरांच्या किती पुढे आहे, हा प्रश्न तेथे नाही. प्रवेशासाठी विद्यार्थ्याने श्रवण, भाषण, वाचन व लेखन यांत अमुक पायरी गाठावी, ती गाठण्यासाठी त्याला एकाहून अधिक संधी असाव्यात, आणि गाठल्यानंतर इंग्रजीचे काम संपावे, अशी व्यवस्था केली तर भेदकतेसाठी अर्थहीन बारकावे विचारण्याची गरज प्राश्निकाला उरणार नाही. ग्रामीण मुलाचेही यात हित आहे. चढाओढीत शहरी मुलाच्या प्रत्येक जादा गुणाने तो मागे ढकलला जातो. ठरलेल्या पायरीवर मात्र तो पोहोचला की दुसऱ्याच्या वैभवाने त्याचे काही बिघडत नाही. अर्थात त्या पायरीपर्यंत पोहोचण्याची साधने प्रत्येक शाळेत आधी पोहोचविली पाहिजेत. ती जबाबदारी परीक्षेवर टाकता येणार नाही.

यावर एक आक्षेप येईल. इंग्रजीने उमेदवारांची बारीक प्रतवारी केली नाही तर ते ओझे इतर विषयांवर पडेल आणि तेथे हाच रोग होईल. तो होईल हे मान्य केले पाहिजे. विद्यापीठांतील जागा थोड्या व इच्छुक फार असतील तोवर कोठेतरी गाळणी लावावीच लागणार. परंतु गणितातील एका उदाहरणाचे उत्तर आले की नाही याला जितका अर्थ आहे, तितका अर्थ उपपदाच्या एका चुकीला नाही. जो विषय स्वभावत: सरावाने, संगतीने व काळाने येतो, त्याला सर्वांत बारीक जाळीची गाळणी करणे हे त्या विषयावर अन्याय करणे आहे. असा अन्याय ज्या ज्या भाषेवर होतो तिच्याविषयी विद्यार्थ्याच्या मनात धाक राहतो. जिव्हाळा निर्माण होत नाही. चाळीस वर्षांपूर्वी ग्वांगचौमधील अभ्यासकांनी परीक्षेकडून शिक्षकाचे काम करून घेण्याचे जे धाडस केले ते स्तुत्यच होते. पण त्याच परीक्षेच्या हातात तराजूही देऊन ठेवला होता, आणि तराजू हातात असलेल्याचे शिकवणे कोणी मन लावून ऐकत नाही. सगळ्यांचे लक्ष काट्याकडे असते.